दखलपात्र की अदखलपात्र? बेळगाव, खानापूर, निपाणी भागात केस घालण्याआधी बघायचं काय

‘जिवंत सोडणार नाही’ अशी धमकी दिली, तर कमाल शिक्षा ७ वर्षं. शेताकडं जाणारी माणसाची वाट अडवली, तर साधी कैद १ महिना. तरीही धमकीच्या तक्रारीवर पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही, आणि वाट अडवल्याच्या तक्रारीवर लगेच एफआयआर घ्यावा लागतो. सीमाभागातल्या ठाण्यांत होणारे निम्मे वाद इथूनच सुरू होतात. तक्रारदार वर्षं मोजून गुन्हा मोठा की लहान ते ठरवतो, आणि टेबलापलीकडचा पीएसआय वेगळाच तक्ता बघत असतो.

अमेरिकी मालिका बघणाऱ्यांना ‘फेलनी’ ठाऊक असते. तिथं साधारणपणे १ वर्षाहून जास्त कैदेचा गुन्हा फेलनी आणि त्याखालचा मिसडिमीनर. इंग्लंडनं हा भेद १९६७ मध्येच मोडीत काढला. आपल्याकडं अशी एकच रेघ नाही. आपल्याकडं प्रश्न तीन आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात: पोलीस स्वतःहून तपास करू शकतात का (करू शकत असतील तर गुन्हा दखलपात्र, नाहीतर अदखलपात्र), जामीन हक्कानं मिळतो का (मिळत असेल तर जामीनपात्र, नाहीतर अजामीनपात्र), आणि खटला कुठल्या कोर्टात चालणार.

आधी तारीख, मग कलम

घटना ३० जून २०२४ पर्यंतची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता लागू. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहिता. एफआयआर नंतर झाला तरी कलमं घटनेच्या तारखेप्रमाणंच लागतात. तपासाची आणि कोर्टाची पद्धत मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची. गावातले जाणते लोक अजून जुन्याच नंबरांत बोलतात. ३२३ चं आता ११५(२) झालं, ३२४ चं ११८(१), ३२५ चं ११७(२), ३२६ चं ११८(२), ३४१ चं १२६(२), ३७९ चं ३०३(२), ४२० चं ३१८(४), ४९८अ चं ८५, ५०४ चं ३५२, ५०६ चं ३५१, ३०७ चं १०९ आणि ३०२ चं १०३. एवढी यादी मोबाईलमध्ये ठेवली तरी ठाण्यात काय लिहिलंय ते कळतं.

तक्ता म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी जोडलेली पहिली अनुसूची. सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येते. सहा रकाने असतात: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कोण चालवणार. तिसऱ्या रकान्यावर थांबू नका, चौथा आणि पाचवा वाचा. शिक्षेवरून या दोन रकान्यांचा अंदाज बांधायला गेलात तर हमखास चुकाल. हा पुरावा बघा: उभा ऊस पेटवला, न्याय संहितेचं (नवं) कलम ३२६(फ), ७ वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, पण जामीनपात्र. पुणे-बंगळूर हायवेवर बेदरकार गाडी चालवून माणूस मारला, कलम १०६(१), ५ वर्षांपर्यंत, तेही जामीनपात्र. आणि बाजारात बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं, कलम ३०४, ३ वर्षांपर्यंत, हे मात्र अजामीनपात्र.

बांधावरची मारामारी: एक प्रकरण, सहा कलमं

खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यात सर्रास होणारं भांडण घेऊ. बांध कोरल्यावरून दोन भावकीत जुंपली. एकानं शिवी हासडली, वाट अडवली, थोबाडीत मारली, ‘तुला बघून घेतो’ म्हणाला.

थोबाडीत मारणं म्हणजे साधी दुखापत, कलम ११५(२), १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अदखलपात्र, जामीनपात्र. शिवी देऊन चिथावणं, कलम ३५२, अदखलपात्र. धमकी, कलम ३५१, अदखलपात्र. जिवे मारण्याची असली तर शिक्षा वाढते, वर्ग बदलत नाही. एवढंच असेल तर ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतील आणि दंडाधिकाऱ्यांकडं जायला सांगतील. यात पोलिसांनी काही चुकीचं केलं असं नाही.

आता वाट अडवली हे खरंच घडलं असेल, तर कलम १२६(२) लागतं. ते १ महिन्याचंच, पण दखलपात्र आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४(४) सांगतं की एका प्रकरणात अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे शिवी, थप्पड, धमकी सगळी त्याच एफआयआरमध्ये येते. तक्रार लिहून देणाऱ्यांना ही युक्ती चांगली माहीत आहे, म्हणून ‘मला पुढं जाऊ दिलं नाही’ हे वाक्य नको तिथंही घुसडलेलं दिसतं. घडलं नसेल तर लिहू नका. खोटी माहिती देणं हा न्याय संहितेच्या २१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि खोटा आरोप करणं २४८ खाली त्याहून जड.

हातात काय होतं, इथं प्रकरण खरं फिरतं. कोयता, विळा, खुरपं अशा कापणाऱ्या किंवा भोसकणाऱ्या वस्तूनं साधी जखम झाली तरी ११८(१): ३ वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. काठीचं तसं नाही. हत्यार म्हणून वापरली तर जीव जाऊ शकेल अशी ती होती का, हे बघतात. म्हणून तक्रारीत नुसतं ‘काठीनं मारलं’ लिहून भागत नाही. काठी किती जाड, किती लांब, लोखंडी टोक होतं का, मार कुठं बसला, हे लिहा.

जखम किती, हा तिसरा मुद्दा. हाड मोडलं, सांधा निखळला किंवा दात पडला की ती जबर दुखापत होते. डोळा किंवा कान जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, जिवावर बेतणारी जखम, हेही त्यातच. शिवाय १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणूस रोजची कामं करू शकला नाही, तरी जबरच. जुन्या कायद्यात हा काळ २० दिवस होता. अजूनही कुणी २० सांगत असेल तर तो जुनं सांगतोय. नुसत्या हातानं दात पाडला तर ११७(२): ७ वर्षांपर्यंत, दखलपात्र, जामीनपात्र. तोच दात कोयत्याच्या मुठीनं पाडला आणि ते घातक साधन ठरलं तर ११८(२): किमान १ वर्ष, कमाल जन्मठेप, अजामीनपात्र. मारणारे पाच किंवा जास्त असतील तर बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमं (१८९, १९१) जोडली जातात, म्हणून किती माणसं होती ते मोजून लिहा. ‘दहा-पंधरा जण’ असं मोघम लिहिलेलं उलटतपासणीत टिकत नाही.

हे सगळं ठरतं दवाखान्यातल्या कागदावर. मार लागल्याबरोबर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या सिव्हिलला जाऊन एमएलसी (पोलीस केससाठीची दवाखान्यातली नोंद) करून घ्या आणि ‘कुणी, कशानं मारलं’ हे डॉक्टरांना पहिल्याच वेळी नीट सांगा. तिथं ‘पडलो’ असं सांगून दोन दिवसांनी मारल्याची तक्रार दिली की केस तिथंच लंगडी होते. बोट सुजलं असेल तर एक्स-रे मागून घ्या. नखाएवढी चीर दिसली तरी साध्याचं जबर होतं आणि अदखलपात्राचं दखलपात्र.

चोरीत, फसवणुकीतही असाच वर्ग बदलतो. साधी चोरी ३ वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. पण माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्यानं माल किंवा किंमत परत दिली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणून चोरीच्या तक्रारीत किंमत पावतीसकट लिहायची. चोरी राहत्या घरातून झाली असेल तर कलम ३०५, ७ वर्षांपर्यंत. फसवणुकीत साधं ३१८(२) अदखलपात्र. फसवून पैसा किंवा माल काढून घेतला तर ३१८(४), दखलपात्र आणि अजामीनपात्र. उसाचं बिल थकवणं हे बहुतेक वेळा दिवाणी प्रकरण असतं. सुरुवातीपासूनच पैसे द्यायचे नव्हते हे दाखवता आलं तरच ३१८.

पाण्याचं सांगायचं राहिलं. शेतीचं पाणी तोडलं किंवा वळवलं तर ३२६(अ): ५ वर्षांपर्यंत, दखलपात्र. लोक याची तक्रार ‘पाइप फोडला, नुकसान केलं’ एवढीच देतात आणि ती किरकोळ नुकसानीत जाऊन अदखलपात्र ठरते. पाणी शेतीला होतं, किती एकर पीक वाळलं, हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

भाषेवरून आपल्याकडं तापायला वेळ लागत नाही, म्हणून एक कलम ठळक लक्षात ठेवा. १९६: धर्म, जात, भाषा यांवरून गटागटांत वैर पेटवणं. ३ वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. मोबाईलवरून पाठवलेला मजकूरही यात येतो आणि ते मराठी, कानडी दोन्ही बाजूंना सारखंच लागू आहे. मात्र अशा केसची दखल घ्यायला कोर्टाला आधी सरकारची मंजुरी लागते. दोषारोपपत्रासोबत ती आहे का हे वकिलाला बघायला सांगा.

वेगळ्या कायद्यातले गुन्हे

न्याय संहितेबाहेरचा कायदा असेल तर आधी त्याच कायद्यात वर्ग शोधायचा. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पोक्सो, गांजा-अफूचा एनडीपीएस, अॅट्रॉसिटी, बालविवाह प्रतिबंधक कायदा, यांतले मुख्य गुन्हे दखलपात्र आहेत. बालविवाह तर दखलपात्र आणि अजामीनपात्र असं त्या कायद्याच्या १५ व्या कलमातच लिहिलंय. पत्रिका छापून झाल्यात म्हणून तो टळत नाही. अॅट्रॉसिटीत अटकपूर्व जामिनाची वाट १८ व्या कलमानं बंद आहे, प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तेवढा अपवाद. त्या कायद्यात काहीच लिहिलेलं नसेल तर अनुसूचीच्या दुसऱ्या भागाचा नियम: ३ वर्षांहून कमी कैद किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र, ३ वर्षं किंवा जास्त असेल तर दखलपात्र आणि अजामीनपात्र, ७ वर्षांच्या वर गेलं की खटला सत्र न्यायालयात. वर्षं मोजून वर्ग ठरतो तो फक्त इथं.

ठाण्यात

तक्रारीत कलमं लिहू नका, घटना लिहा. तारीख, वेळ, जागा (सर्व्हे नंबर किंवा जवळची खूण), कोण, हातात काय, कुठं लागलं, कुणी बघितलं. कलम लावणं पोलिसांचं काम, आणि तुम्ही चुकीचं कलम लिहिलंत तर समोरच्या वकिलाला तेवढंच पुरतं.

भाषेचा प्रश्न इथं येतोच. अमुक भाषेतच तक्रार द्या असं एफआयआरबद्दलच्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कुठंही नाही. पण ठाण्याचं कामकाज कानडीत चालतं, त्यामुळं मराठी अर्जाचा सारांश तिथलाच कुणीतरी कानडीत उतरवतो आणि नेमकी हत्याराची किंवा जखमेची ओळ गळते. व्यवहारी उपाय म्हणजे मराठीत मूळ तक्रार लिहा, खालीच कानडी भाषांतर जोडा, दोन्हींवर सही करा आणि पोचेवर शिक्का-तारीख घ्या. तोंडी सांगितलं असेल तर लिहून झाल्यावर वाचून दाखवणं बंधनकारक आहे. कानडी कळत नसेल तर कळणारा माणूस बरोबर असल्याशिवाय सही करू नका. कानडी वाचता येत नसलं तरी कलमांचे आकडे बहुधा इंग्रजी अंकांतच असतात. ते स्वतः बघा. ११८(१) च्या जागी ११५(२) दिसलं तर तिथंच विचारा, घरी जाऊन नाही.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. ई-मेलनं किंवा ऑनलाइन तक्रार दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदली जात नाही. महिलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत जबाब महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायचा असतो.

३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींची परवानगी घेऊन पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, पण ती १४ दिवसांत संपवायची. विळ्याची जखम (३ वर्षं) यात बसते. पडलेला दात (पूर्ण ७ वर्षं) बसत नाही. इतर वेळी दखलपात्र गुन्हा दिसत असताना एफआयआर टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्येच स्पष्ट केलंय.

आपल्याकडं नेहमी घडतं ते असं: दोघांना बोलावून समजूत काढायची आणि ‘एन्डॉर्समेंट’ देऊन, म्हणजे कानडीत हिंबरह लिहून, अर्ज निकाली काढायचा. अदखलपात्र भांडणात ते कदाचित सोयीचं असेल. दखलपात्र गुन्ह्यात असा कागद हातात पडला तर तो फाडू नका, जपून ठेवा. पोलिसांनी नकार दिल्याचा तोच पुरावा. मग तक्रार पोस्टानं एसपींना पाठवा (शहरातलं ठाणं असेल तर पोलीस आयुक्तालयाला), पोस्टाची पावती जपा, आणि तरी हालचाल नसेल तर प्रतिज्ञापत्रासह १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तेवढ्यावरच फेटाळला जाऊ शकतो.

एनसी झाली तर

एनसी म्हणजे केस संपली असं नव्हे. ठाण्यानं ती वहीत लिहायची, तुम्हाला दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांना द्यायचा. तुमच्यापुढं दोन वाटा: तपासाचा हुकूम मागणं (१७४(२)), किंवा खासगी फिर्याद, म्हणजे स्वतःच थेट दंडाधिकाऱ्यांपुढं तक्रार घालणं. तपासाच्या हुकुमात एक खड्डा आहे. पोलिसांच्या विनंतीपत्रावर कोपऱ्यात नुसतं ‘परमिटेड’ लिहून सही केली तर ती परवानगी होत नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं ठरवलंय, आणि त्या एका शब्दावर झालेल्या केसेस पुढं धारवाड खंडपीठात रद्द होऊ शकतात. दंडाधिकाऱ्यांनी कारणासह वेगळा हुकूम लिहिलाय का ते तेव्हाच बघा. खासगी फिर्यादीत आता कोर्ट दखल घेण्याआधी आरोपीचंही म्हणणं ऐकतं, त्यामुळं साक्षीदार आणि दवाखान्याचा कागद पहिल्या तारखेलाच तयार हवा.

घटना हद्दीपलीकडची असेल

कोगनोळी नाका ओलांडून कागलला गाडी चोरीला गेली, शिनोळीत कामावर मारहाण झाली, चोर्ला घाटातून गोव्याला जाताना कुणी लुटलं. दखलपात्र गुन्हा असेल तर निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. ते शून्य क्रमांकानं नोंदवतात आणि संबंधित ठाण्याकडं पाठवतात, मग ते महाराष्ट्रात असो की गोव्यात. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर आता चालत नाही. पण ही सोय फक्त दखलपात्राला. शिनोळीत नुसती थोबाडीत बसली असेल तर एनसी त्याच हद्दीतल्या ठाण्यात द्यावी लागेल. बेळगावात हेलपाटे घालून उपयोग नाही.

अटक आणि जामीन

दखलपात्र म्हणजे लगेच बेड्या, असं नाही. ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का हवी याची कारणं पोलिसांना लिहावी लागतात, नाहीतर ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची. ती आली की वेळेवर जा आणि हजेरीची नोंद घ्या; चुकवलीत तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत. आरोपी ६० च्या वर किंवा आजारी असेल आणि शिक्षा ३ वर्षांहून कमी असेल तर डीवायएसपींच्या परवानगीशिवाय अटक नाही. अटक झाली तर २४ तासांत कोर्टापुढं.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन ठाण्यातच मिळतो, तो कुणाच्या मर्जीवर नसतो. अजामीनपात्र म्हणजे ‘जामीनच नाही’ असंही नाही; तो कोर्टानं ठरवायचा. जामीनदाराला जमिनीचा आरटीसी उतारा, आधार, फोटो लागतो. चंदगड, गडहिंग्लजच्या पाहुण्याचा सातबारा आणला तर पडताळणीत दिवस जातात, म्हणून जामीनदार शक्यतो त्याच तालुक्यातला बघा. जामीनदार मिळत नाही म्हणून जामीनपात्र गुन्ह्यात माणूस आठवडाभर आत राहिला, तर त्याला गरीब समजून स्वतःच्या हमीवर सोडायचं, असं कायदाच सांगतो. ठराविक मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो: १० वर्षं किंवा जास्त कैद, जन्मठेप, फाशीच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीत ६०. पण तो मागावा लागतो. न मागता मुदत संपून दोषारोपपत्र आलं की हक्क गेला. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

गावात मिटवायचं ठरलं तरी कलम आडवं येतं. ११५(२) मार खाणारा स्वतः मिटवू शकतो, ११७(२) कोर्टाच्या परवानगीनं. कोयत्याचं ११८(१) आपसात मिटतच नाही. पंचांसमोर हात मिळवले तरी केस रद्द करायला दोन्ही बाजूंना धारवाडला उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत खालच्या कोर्टातल्या तारखा चुकवता येत नाहीत.

मिटवण्याच्या बोलण्यात एनसीची मुदतही निघून जाते. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याला ६ महिने, १ वर्षापर्यंतच्या कैदेला १ वर्ष, ३ वर्षांपर्यंतच्या कैदेला ३ वर्षं; त्यानंतर कोर्ट दखल घेत नाही. थोबाडीत बसलेल्या दिवसापासून १ वर्ष मोजा आणि फिर्याद त्याआधी घाला.